रफूचा पाचवा रविवार

पहिली कुर्ती मात्र खरोखरच फाटली होती, रिक्षाच्या पत्र्याला अडकून. रुचिरा नवी मागवायच्या बेतात होती, तेवढ्यात मोबाइलवरचं ‘पुन्हा घाला’ हे ॲप मध्ये पडलं — नवी कशाला, रफू करा! ॲपचे रफू करणारे रविवारी मरोळच्या एका गाळ्यात बसत. तिच्या वाट्याला आला दिपेश. खारदांड्याचा कोळी, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, की जाळी शिवणाऱ्या बोटांनी लोकांचे कपडे शिवायचा. त्याने मान वर केली, हसला... आणि रुचिराची वाट लागली.

त्यानंतर दर आठवड्याला तिचं काही ना काही फाटू लागलं. ॲप बिचारं भोळं. त्याने तिला ‘पृथ्वीची सखी’ असा किताबसुद्धा देऊन टाकला!

पाचव्या रविवारी तिने निळी कुर्ती पुढे केली.

“ही कशाने फाटली?” दिपेशने विचारलं.

“खिळ्याला... अडकली.”

त्याने कापड उजेडात धरलं. “खिळ्याने दोरे ओढले जातात गं. जाळं खडकाला फाटलं की कोणी कापलं, आम्हाला लगेच कळतं. ही कात्री आहे. आणि आधीच्या तिन्हींनाही कात्रीच होती.”

रुचिराचे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण शुक्रवारी नारळी पौर्णिमा. मग तो दर्यावर जाणार आणि गाळ्यातली त्याची खुर्ची रिकामी राहणार. आज गप्प बसून चालणार नव्हतं.

“कळलं होतं, तर आधीच का नाही बोललास?”

“बोललो असतो, तर तू परत आली असतीस?” तो खाली बघत म्हणाला.

“दिपेश, मला तू आवडतोस रे. आता कापायला धड कुर्तीही उरली नाही माझ्याकडे!”

त्याने स्वतःच्या शर्टाचं मधलं बटण धरलं, झटक्यात उपटलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

“शुक्रवारी घरी ये. आई नारळीभात करते. हे तेवढं लावून दे.”

“मला बटण लावता येत नाही...”

“शिकवतो ना. पण वेळ लागेल हां.”

“किती?”

“बघ बुवा,” दिपेश हसला, “शर्ट भरपूर आहेत माझ्याकडे.”