कवडूचा डावा कान

कारधा गावातल्या घराच्या ओसरीवर जेवणे उरकली, तेव्हा मधुकररावांनी कंदिलाची वात खाली केली. पुतण्या खुशाल हसला. "भुताची गोष्ट सांगून राहिले तं जपून सांगा, काका. मले पूल ओलांडून भंडाऱ्याले जायचं आहे."

"भुताची नव्हे, शेजारच्या टेकचंदची सांगतो. बरीचशी त्याच्याच तोंडून ऐकली. शेवटचे मात्र या डोळ्यांनी पाहिले."

टेकचंद नागपूरच्या एका खासगी इस्पितळात यंत्रावर बसत असे. कानामागची गाठ काढताना रोग्याच्या कानात रबरी बोंडी बसवीत आणि तिच्यातून टिकटिक आवाज सोडीत. रोगी बेशुद्ध असला तरी आतला कान जिवंत असेपर्यंत पडद्यावर लाट उठते. लाट खचू लागली की डॉक्टरांनी हात थांबवायचा, म्हणजे श्रवण वाचते. डॉक्टरांची नजर जखमेवर, म्हणून ते दर मिनिटाला विचारीत, "आहे?" आणि टेकचंदने पडदा पाहून उत्तर द्यायचे, "आहे."

नोव्हेंबर १९८४ मध्ये दिघोरीचा कवडू आला. दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवणारा. उजवा कान लहानपणीच गेलेला. गाठ डाव्या कानाच्या नसेवर. टेकचंद बोंडीच्या चिकटपट्टीवर नाव लिहीत असताना कवडूने त्याचे मनगट धरले.

"भाऊ, हा एकच कान आहे मले. ध्यान ठेवजा."

"ठेवतो ना बाप्पा! तू बिनघोर झोप."

शस्त्रक्रिया सहा तास चालली. पाचव्या तासाला टेकचंदची मान खाली गेली. उत्तरे सवयीने निघू लागली. "आहे?" "आहे." पुन्हा, "आहे." त्याने मान वर केली तेव्हा रेषा सपाट होती. केव्हापासून, कोण जाणे. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारले. भीतीपोटी तो म्हणाला, "आहे."

बोंडी त्याने नियमाप्रमाणे भट्टीत टाकली. जळताना पाहिली.

कवडू ठार बहिरा झाला. तीन आठवड्यांनी दिघोरीच्या रस्त्यावर त्याच्या मागून धानाचा ट्रक आला. हॉर्न वाजतच राहिला. कवडूने वळून पाहिले नाही. चाक डोक्यावरून गेले.

त्यानंतरचा शुक्रवार, चौदा डिसेंबर. टेकचंद सुटीवर घरी होता. त्याच्या आईला, सत्यभामाबाईंना, दम्याची उबळ आली, म्हणून तो सायकलने भंडाऱ्याला औषध आणायला गेला. परतताना वैनगंगेच्या पुलावर आला, तेव्हा पावणेअकरा झाले होते. चंद्र उगवायचा होता.

पुलाच्या मध्यावर डाव्या कानात सुरू झाले.

टिक... टिक... टिक...

साखळी असेल, असे त्याला वाटले. तो उतरला. चाक थांबले. टिकटिक थांबली नाही.

मागून कुणीतरी विचारले, "आहे?"

आवाज डॉक्टरांचा नव्हता. पण सवय, खुशाल... तोंडातून निघून गेले, "आहे."

केसांना हात पडला. डोके कठड्यावर आदळले. दात तुटले.

"आहे?"

"नाही! लाट नव्हती, कवडू... मी पाहिलंच नाही!"

पुन्हा कठडा. कपाळ फुटले. डोळ्यांत रक्त ओघळले.

"ध्यान ठेवजा म्हटलो होतो, भाऊ."

मग कानात काहीतरी शिरले. आत... आणखी आत. आत काहीतरी फाटले.

टिकटिक थांबली. नदीचा आवाजही थांबला.

"पहाटे मलाच सापडला, जिवंत, पण ठार बहिरा," मधुकरराव म्हणाले. "औषधाची बाटली मुठीत, शाबूत. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी चिमट्याने त्याच्या कानातून..."

"दारू पिऊन पडला असन, काका," खुशाल म्हणाला. पण हसला नाही.

मधुकररावांनी चुन्याची जुनी डबी उघडून त्याच्या तळहातावर पालथी केली. रबरी बोंडी. जळल्याची खूण नाही. चिकटपट्टीवर टेकचंदचे वळणदार अक्षर: 'कवडू, दिघोरी. डावा कान.'

खुशालने ती कंदिलापाशी धरली. मग, धीट दिसावे म्हणून, कानाजवळ नेली.

त्याचा हात तिथेच राहिला.



"आहे?" मधुकररावांनी विचारले.

खुशालने ओठ ओले केले.

"आहे."