पाच हार, चार गाड्या

निशा कांबळे आली ती रडत नव्हती, चिडली होती. जुलेखा मुजावरला असली अशिलं आवडायची. रडणारी सगळं विसरते, चिडलेलीला तारीख-वार पाठ असतो.

"बसा," जुलेखा म्हणाली. लक्ष्मीपुरीत बेकरीच्या माडीवर तिचं खाजगी तपासाचं ऑफिस. जोडीला अण्णासो चौगुले, रिटायर कंडक्टर. जुलेखा डोकं चालवायची, अण्णासो चहा सांगायचे आणि मधे मधे चुकीचा माणूस पकडायचे.

निशानं एक कागद टेबलावर आपटला. "सोमवारी सुनावणी हाय. लायसन तीन महिने बंद करत्यात. आन् मंगळवारी एसटीत कागद जमा करायचेत. बाया ड्रायव्हरच्या यादीत माझं नाव हाय, मॅडम. आमच्या घराण्यात पहिली सरकारी नोकरी."

"लायसन कशापायी?"

"तीन चलनं. सिग्नल तोडला, मोबाईलवर बोलत चालवली, उलट्या बाजूनं घातली. अर्ध्या तासात तिन्ही. गाडी माझी, पण मी नव्हते. ती तारीख खंडेनवमीची. आम्ही दीक्षाभूमीला नागपूरला गेलतो, गल्लीतल्यांच्या जीपनं. तिकीट न्हाय, पुरावा न्हाय. हापिसात म्हणत्यात, मग चालवणारा आणा."

"तेव्हाच का बोलला नाहीत? तीन महिने झाले."

निशा खाली बघायला लागली. "मेसेज आलता. सगळे म्हणाले खोटा असतोय, लिंक दाबली की पैसं जात्यात. पुसून टाकला. मग घरी कागद आला, त्योबी कपाटावर टाकला."

"लिंक नको दाबायची, हे बरोबर," जुलेखा म्हणाली. "पण चौकीत जाऊन गाडीचा नंबर तपासायला कोण आडवं आलं होतं? तेव्हाच गेला असता तर चौकातल्या दुकानदारांना काहीतरी आठवलं असतं. आता काय आठवणार, कप्पाळ?"

अण्णासोंनी मान हलवली. ते स्वतःची दोन चलनं घरात लपवून बसले होते, म्हणून जरा जास्तच हलवली.

चलनाचा फोटो साफ होता. निळी स्कूटर, नंबर निशाचाच. चालवणाऱ्याचं तोंड ओढणीनं गच्च बांधलेलं. पुढच्या दिव्यावर कुंकवाचा टिळा, हँडलला हार. पिवळा झेंडू, मधे मधे पांढरी शेवंती.

"तुम्ही हार घालता गाडीला?"

"आमच्यात पूजा नसती," निशा ताठ मानेनं म्हणाली. "आजोबांनी छप्पन सालीच सोडलं ते."

"गाडी होती कुठं?"

"ब्रेकचं काम होतं. निसारभाईंच्या गॅरेजला."

निसारभाई चाळीस वर्षं पाना फिरवलेला माणूस. विचारलं तर हात पुसत म्हणाले, "खंडेनवमीला मी माझ्या पान्यांची पूजा करतो. अब्बाबी करायचे. पण गिऱ्हाइकाच्या गाडीला हार? न्हाय बा. कुणाला चालतं, कुणाला न्हाय. शिवाय निशाची गाडी आदल्या दिवशीच बुद्धभूषण घेऊन गेला."

"बघा!" अण्णासो कुजबुजले. "भावानंच केलं."

बुद्धभूषण निशाचा थोरला भाऊ, कागलच्या एमआयडीसीत कामाला. कामासाठी तोच एकटा मागं राहिला होता. तो म्हणाला, "गाडी आणून परड्यात लावली. किल्ली दाराच्या खिळ्याला. त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो."

"खंडेनवमीला?" जुलेखानं विचारलं. "मशीन पुजून पेढा हातावर ठेवतात आणि दुपारी सोडतात. माझा नवरा त्याच एमआयडीसीत आहे."

बुद्धभूषणचे कान लाल झाले. "रंकाळ्यावर होतो. एकटा नव्हतो. निशाला सांगू नका."

"आम्हाला तुमचं लग्न लावायचं न्हाय," अण्णासो गुरकावले. "गाडी चालवली का?"

"न्हाय की! रंकाळ्याला बसनं गेलतो आम्ही."

"किल्लीचा खिळा कुणाला माहीत?"

"गल्लीला. शेजारच्या तेजस्वीला तर पाठ हाय. निशाची मैत्रीण. एसटीच्या यादीत तिचंबी नाव हाय, वेटिंगला पहिलं."

तेजस्वीच्या अंगणात एक टेम्पो, दोन मोटरसायकली आणि तेजस्वीची लाल स्कूटर होती. तेजस्वी दारातच म्हणाली, "मी निशाच्या गाडीला हात लावलेला न्हाय. आमच्या अंगणात ती गाडी आलीच न्हाय कधी. माझी हाय की मला."

मागून तिची आई आली. गल्ली तिला आक्का म्हणायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज पार चौकापर्यंत.

"कोण पावणं? आत घे की, दारात काय उभं करतीस?"

चहा आला. जुलेखानं अंगणाकडं बघून म्हटलं, "गाड्या अगदी लखलखीत ठेवल्यात, आक्का."

आक्का फुलली. "चाकावर घर चाललंय आमचं. खंडेनवमीला एकबी चाक हाराबिगर ठेवत न्हाय मी. आन् बाजारचा हार न्हाय हं! झेंडूत शेवंती घालून सोता ओवते. यंदा पाच ओवले, बोटं सुजली."

"नवीन गाडी घेतली का यंदा?"

"कुठली? दहा वर्षं याच चार."

तेजस्वीनं कप उचलला आणि आत गेली. अण्णासोंनी दुसरा चहा मागितला.

रविवारी जुलेखानं सगळ्यांना आक्काच्याच अंगणात बसवलं. निशा, बुद्धभूषण, निसारभाई, तेजस्वी आणि खुर्चीत पाय सोडून आक्का.

"पहिली गोष्ट," जुलेखा म्हणाली. "चुकून एक सिग्नल तुटतो. अर्ध्या तासात तीन कॅमेऱ्यांपुढं तीन गुन्हे चुकून होत नाहीत. ज्याला मजा करायची होती तो कॅमेरे टाळत गेला असता. हा शोधत गेला. म्हणजे त्याला गाडी नको होती, चलन हवं होतं."

"कशाला?" अण्णासोंनी विचारलं.

"निशाचं लायसन अडकावं म्हणून. भावाला त्यात काय मिळतं? बहिणीची नोकरी गेली तर घराचंच नुकसान. निसारभाईंकडून गाडी आदल्या दिवशीच गेलेली. आणि दोघांपैकी कुणीही या गाडीला हार घातला नसता. एकाच्या घरात पूजा नाही, दुसरा गिऱ्हाइकाच्या गाडीला शिवत नाही. मग झेंडूत शेवंती ओवलेला हार कुणाचा?"

तिनं फोटो आक्काच्या हातात दिला.

"माझाच की," आक्का पटकन म्हणाली.

"चार गाड्या, पाच हार. पाचवा कुणाला घातला, आक्का?"

"निशाच्या गाडीला. तेजू घेऊन आलती, म्हणाली धुऊन देते. म्हटलं, आमच्या दारात आलंय तर तेबी चाक पुजू. मग ती चक्कर मारून येते म्हणून..."

आक्का बोलता बोलता थांबली. तिनं फोटोतली ओढणी पुन्हा बघितली. मग लेकीकडं बघितलं.

"तू पावण्यांना काय सांगितलंस? गाडी अंगणात आलीच न्हाय?"

तेजस्वीचा आवाज फुटला. "एका नावानं राहिलं माझं, आई. एका नावानं! मलाबी स्टिअरिंग पायजे होतं."

"पायजे होतं तर जास्त मार्क पाडायचे हुते!" आक्का उठली. "तुझा बा टेम्पोवर मेला राबून, पण कुणाच्या पोटावर पाय न्हाय दिला. आमच्या घरात हरलेलं चालतं. चोरलेलं न्हाय चालत."

"आक्का, राहू द्या," निशा म्हणाली.

"तू गप बस. तूबी काय शहाणी न्हाईस. सरकारी कागद कपाटावर टाकतीस? आमच्यात लाईटबिल आलं तरी मी तीनदा वाचून घेते दुसऱ्याकडनं." मग जुलेखाकडं वळून ती म्हणाली, "हापिस किती वाजता उघडतं?"

सोमवारी आक्का साहेबांच्या टेबलापुढं सगळ्यांच्या आधी उभी होती. तेजस्वीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. आक्कानं खाली अंगठा नाही, सही केली. चार अक्षरं, पण ठसठशीत. तीन महिने लायसन बंद झालं ते तेजस्वीचं. साहेबांनी निशालाही पाच मिनिटं झापलं, आणि ते तिनं उभ्यानं ऐकून घेतलं.

निशाचं ट्रेनिंग संपलं आणि पहिली गाडी मिळाली ती शिरोळची. आक्काचं माहेर तिकडंच. ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर जाऊन बसली.

एक पावणा चढला, स्टिअरिंगकडं बघून दारातच अडखळला. "बाई चालवतीया?"

"व्हय," आक्का अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या गल्लीची हाय. भ्या वाटत असंल तर उतर, मागनं दुसरी येतीया. पण जरा लवकर ठरव. पोरीला येळेत पोचायचंय."

पावणा आत येऊन बसला. निशानं गिअर टाकला.