आईच्या रकान्यातलं नाव

“वहिनी, केतकीचा दहावीचा मेमो आला असेल तर आजच फोटो काढून पाठवा. युनिटच्या ऑफिसात सगळ्यांच्या घरच्यांची नावं नव्याने तपासून घेतायत... पुन्हा फोन लागेल न लागेल.”

फोनच्या स्पीकरवरचा गौतमचा आवाज स्वयंपाकघरातून थेट हॉलपर्यंत पोचला, आणि हॉलमध्ये बसलेल्या हिम्मतरावांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर युद्ध चालू होतं. पडद्यावरच्या जवानांकडे ते पाणावल्या डोळ्यांनी पाहत होते, आणि त्याच सीमेवर उभा असलेला सख्खा धाकटा भाऊ फोनवर बोलत होता तर ते मात्र त्यांना ऐकू येत नव्हतं. अठरा वर्षं येत नव्हतं.

फोन कटला तसे ते म्हणाले, “कुसुम, आजच्या भाषणात एक वाक्य घाल. ‘सीमेवरचा प्रत्येक जवान हा माझा भाऊ आहे.’”

कुसुमताईंनी ते वाक्य लिहिलं. सोळुंक्यांच्या घरात रीतच तशी होती... हिम्मतरावांनी सांगायचं आणि कुसुमताईंनी सुवाच्य अक्षरात लिहायचं. मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून शहरातल्या आबिड्स भागात ज्यांच्या भाषणांची वाहवा होई, त्यांना पत्नीच्या हस्ताक्षरावाचून एक ओळही धड वाचता येत नसे. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि तो रांधायचा मात्र कुसुमताईंनी.

केतकीचा मेमो, म्हणजे दहावीची गुणपत्रिका, कालच त्या शाळेत आला होता. वर्गशिक्षिका म्हणून कुसुमताईंनीच तो घेऊन वाचला होता. वडिलांचं नाव, हिम्मतराव सोळुंके. आईचं नाव, कुसुम सोळुंके. केतकी त्या दोघांची मुलगी नव्हती. ती गौतमची होती, आणि तिला चार वर्षांची टाकून गेलेल्या त्याच्या बायकोची, भामाची होती.

गौतम म्हणजे सासूबाईंचं शेंडेफळ. कुसुमताईंनी त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. हिम्मतरावांनी त्याच्यासाठी शाळेत शिक्षकाची जागा धरून ठेवली, चार लोकांत मिरवून ठेवलं, आणि हा पठ्ठ्या एके दिवशी फौजेत भरती होऊन आला. “पोटासाठी बंदूक उचलणारा माझा भाऊ नाही,” असं म्हणून त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. भामा गेल्यावर त्यांनी लेकरू तेवढं ठेवून घेतलं, बापाला घर बंदच राहिलं. रजेवर आला की गौतम नामपल्ली स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरे, आणि कुसुमताई केतकीला दिलसुखनगरच्या घरून तिथे घेऊन जात. बाप-लेकीची वर्षातली भेट ती एवढीच.

शाळेच्या प्रवेशअर्जावर वडिलांचं नाव काय घालायचं, असं कुसुमताईंनी विचारलं तेव्हा हिम्मतराव म्हणाले होते, “माझं घाल. कशाला उगीच चर्चा.” कुसुमताईंनी घातलं. मागच्या वर्षी बोर्डाचा फॉर्म भरताना केतकीने ते पाहिलं आणि विचारलं, “मोठ्याई, हे बदलत नाही का?” कुसुमताई म्हणाल्या, “बदलून घेऊ गं.” वर्ष गेलं. आता सीमेवर तोफा धडाडत होत्या, आणि गौतमला काही झालं असतं तर कागदावर त्याला लेकच नव्हती.

शाळेत सगळीकडे तिरंगी पताका लागल्या होत्या. दहावी झालेल्या एकोणीस मुलांचा निरोप समारंभ होता. चार दिवसांपूर्वी शहरात सायरनची तालीम झाली तेव्हा टेबलाखाली सर्वांत आधी शिरलेले प्रभाकर सर आज शत्रूला कसा धडा शिकवावा हे सांगत होते, आणि तेलुगूच्या पद्मावती टीचर त्यांना समोसे वाढत होत्या. कुसुमताईंना त्या सगळ्यांची शिसारी आली. त्या सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“केतकीच्या आईवडिलांच्या नावांची दुरुस्ती. बोर्डाकडे तुमच्या सहीनं जायला पाहिजे.”

“आज? कुसुम, एकतीसला मी रिटायर होतोय. रजिस्टर उघडलं की चौकशी लागेल. खोटी नोंद कोणी केली म्हणून विचारतील.”

“आणि त्याला काही झालं तर? तिरंग्यात गुंडाळून आणतील तेव्हा ही पोर कोण म्हणून पुढे होणार? पुतणी म्हणून?”

हिम्मतराव खिडकीबाहेर पाहू लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “प्रवेशअर्जावरचं अक्षर तुझं आहे.”

कुसुमताईंना वाटलं होतं, या माणसाबद्दल आता नवं काही कळायचं उरलेलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि कागद ओढून लिहू लागल्या, की ही नोंद मी केली, चूक माझी आहे. हिम्मतरावांनी ते दोनदा वाचलं.

“‘कोणालाही न विचारता’ असं घाल,” ते म्हणाले.

त्यांनी तेही घातलं. हिम्मतरावांनी दुरुस्तीच्या अर्जावर झोकदार सही केली आणि सुटकेचा श्वास सोडला. तेहेतीस वर्षं ज्याला गरम पोळी वाढली तो हा माणूस... कुसुमताईंना त्याच्या निगुतीने बसवलेल्या भांगाचीही किळस आली.

या शाळेत एक जुनी प्रथा होती. दहा वर्षं हजेरीला नुसतं ‘सोळुंके केतकी’ असं पुकारत, आणि पूर्ण नाव एकदाच, निरोपाच्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या तोंडून. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं. ते ऐकून मूल उठे, आईवडील उठत, आणि टाळ्या होत. नावं रजिस्टरवरून उतरवलेली असत.

हिम्मतरावांचं भाषण झालं. जवान माझा भाऊ आहे, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग यादी सुरू झाली. चेतन उठला, रितेश उठला, रुपाली उठली.

“केतकी कुसुम हिम्मतराव सोळुंके.”

केतकी उठली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. ती तिसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

“केतकी, ये ना,” ते हसत म्हणाले.

तेव्हा ती उठली, पण जागच्या जागीच. “सर, माझ्या बाबांचं नाव गौतम आहे. ते आत्ता बॉर्डरवर आहेत. त्यांचं नाव घेतलं तर येते, नाही तर नक्को.”

पहिल्या रांगेतले संस्थेचे सेक्रेटरी वळून पाहू लागले. हिम्मतराव घाईने म्हणाले, “त्याचं असं आहे... प्रवेशाच्या वेळी आमच्या मॅडमकडून एक चूक झाली...”

कुसुमताई उठल्या.

“हौ. चूक माझी,” त्या म्हणाल्या. “वडिलांचं नाव लिहिलं ते वाईट केलं. पण केतकी, त्याच्याखाली आईचा रकाना होता बाळ... तिथे माझं नाव लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मला मूल नव्हतं. लिहिलं आणि गोड वाटलं. म्हणून इतकी वर्षं मी ते बदललं नाही. तुझ्या आईची जागा मी चोरली.”

इतरांना तुच्छ लेखता लेखता जी गोष्ट त्यांनी स्वतःपासूनही लपवली होती, ती आता भरल्या सभागृहात सांगून झाली होती. पदर तोंडाशी धरून त्या उभ्या राहिल्या.

केतकीचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. “आणि बाबांच्या जागी मोठ्या बाबांचं नाव घालायला कोणी सांगितलं, मोठ्याई?”

कुसुमताईंनी स्टेजकडे पाहिलं. एकोणीस मुलं हिम्मतरावांकडे पाहत होती. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, पण पुढे काय बोलायचं ते आज कोणी लिहून दिलं नव्हतं.

“मी,” ते शेवटी म्हणाले. “मी सांगितलं. भावाचं नाव लिहायची मला लाज वाटत होती.” त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. “केतकी... केतकी भामा गौतम सोळुंके.”

केतकी स्टेजवर गेली.

सेक्रेटरी चहा न घेता निघून गेले आणि एकतीस तारखेचा सत्कार रद्द झाल्याचा निरोप दुपारीच आला. हिम्मतराव तेव्हा आपल्या खोलीत फोन घेऊन बसले होते. सहाव्या प्रयत्नाला गौतमचा फोन लागला.

“मी बोलतोय,” ते म्हणाले. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. “जेवलास का?”

गौतम म्हणाला, “हौ दादा. तुम्ही?”

अठरा वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातून हे निघालं, असं कुसुमताईंच्या मनात आलं, आणि तरी त्यांचे डोळे गळतच राहिले. हिम्मतराव नुसते हुंदके देत राहिले. त्यांनी आज एवढं केलं म्हणून मागचं धुऊन निघत नव्हतं. पण कुसुमताईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला केतकी अर्जासोबत जायचा बोर्डाचा दुरुस्तीचा फॉर्म भरत होती. वडिलांचं नाव तिने झरझर लिहिलं. आईच्या रकान्याशी आल्यावर तिचं पेन थांबलं, आणि तिने वर पाहिलं.

“मोठ्याई...”

“लिही,” कुसुमताई म्हणाल्या.

तिने ‘भामा’ लिहिलं. कुसुमताईंनी वाकून ते नाव वाचलं आणि कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “थोडं मोठं काढ बाळ. याचा फोटो बाबांना पाठवायचाय, तिकडच्या ऑफिसात वाचता यायला पाहिजे.”