मीठ टाकायचं राहिलं

प्रयोग अगदी साधा. रबरी हातमोज्यात पाणी भरायचं, तोंडाशी गाठ मारायची, फ्रीजरमध्ये ठेवायचं. गोठलं की मोजा सोलायचा. झाला बर्फाचा हात. शेवटी त्यावर मीठ टाकायचं आणि बर्फ तडकतो तो कान लावून ऐकायचा.

माझी लेक टिटवी शाळेतून रडत आली. बाईंनी भर वर्गात तिला खोटारडी म्हटलं होतं, विज्ञान प्रदर्शनातून नाव काढलं होतं. कारण काय, तर तिच्या बर्फाच्या हाताला नखं होती. तळव्यावर रेषा होत्या.

"बेसिनमध्ये टाकला माझा हात," ती हुंदके देत म्हणाली. "वरून गरम पाणी सोडलं."

मी तडक शाळा गाठली. बाई खुर्चीत बसून आपला डावा हात चोळत होत्या.

"तुम्ही कवळ्या बनवता ना? साचे काढणं तुमच्या हातचा मळ. मुलांचे प्रयोग मुलांना करू द्यावेत."

दूध उतू जावं तसा राग वर आला. कवळ्या बनवते म्हणूनच सांगते, साच्यात नाही ते बाहेर येत नाही. गुळगुळीत मोज्यातून गुळगुळीतच हात निघायचा. आणि माझी टिटवी वटवट करील, चारचौघांत नको ते खरं बोलून मला तोंडघशी पाडील. खोटं काही तिच्या जिभेवर टिकत नाही.

"घरी या," मी म्हटलं. "मोजा तुमचा, पाणीही तुम्हीच भरा. पण मग वर्गापुढे तिची माफी मागायची."

"मागेन की," बाई हसल्या.

त्या आल्या. डावा हात ओढणीत गुंडाळलेला. नवं पाकीट त्यांनीच फोडलं, उजव्या हातानं नळ सोडला. त्या हाताची करंगळी जुनं हाड वाकडं जुळल्यासारखी आत वळलेली. मोज्याची गाठ त्यांनी दातांनी ओढली.

"डाव्याला काय झालं?" टिटवीनं विचारलं.

"बधिर झालाय. उतरेल."

फ्रीजरच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवून त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पट्टी फाडलीही त्यांनीच.

मी ताटलीत धरून मोजा सोलू लागले. अंगठा सुटला.

अंगठ्याला नख होतं.

फ्रीज तेवढा घरघरत होता. तळवा उघडा पडला. त्यावर बारीक रेषा होत्या, कुणीतरी नुकतीच मूठ सोडल्यासारख्या.

शेवटी करंगळी निघाली. आत वळलेली.

बाईंनी उजवा हात पाठीमागे नेला.

"आत ठेवा तो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "वितळू देऊ नका."

"आणि माझी मुलगी खोटारडी?"

"आधी आत ठेवा."

"माफीचं बोला, बाई."

त्या ताटलीकडेच बघत राहिल्या. करंगळीच्या टोकाला थेंब धरला होता.

एवढा वेळ टिटवी गप्प होती. ती कधीच गप्प नसते.

"आई, मीठ टाकायचं राहिलं."

बरणी तिच्या कडेवर होती. झाकण काढलेलं.

मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. वाट पाहिली. त्यांनी माफी मागितली नाही.

मी ताटली ओट्याच्या कडेला सरकवली, लेकीचा हात पुरेल इतकी.