धूरखूण

"मुगाच्या दाण्याएवढी गाठ आहे. काढली की तुम्ही मोकळ्या," डॉ. मुकादम म्हणाले. जी रक्तचाचणी माधवीताईंनी पुण्याच्या या प्रयोगशाळेत वीस वर्षं खपून उभी केली, तिनेच आज त्यांच्या फुप्फुसातला कर्करोग पकडला होता.

जीव टांगणीला लागला होता तो त्यांच्या नवऱ्याचा. हेमंतरावांनी उभा संसार गॅलरीत सिगारेटी ओढण्यात घालवला होता, आणि ताईंनी त्यावरून त्यांना बोल लावण्यात.

"माझ्याच धुराने झालं ना हे?" हेमंतरावांनी विचारलं.

"धूरखूण वाचू या," मुकादम म्हणाले. "फुप्फुसातल्या पेशी मरताना आपल्या जनुकांचे तुकडे रक्तात सोडतात. प्रत्येक धुराचा ओरखडा त्यांवर वेगळा उमटतो. तंबाखूचा निराळा, लाकडाचा निराळा. आणि जो ओरखडा सगळ्यात खोल, तो सगळ्यात जुना."

पडद्यावर उत्तर आलं. तंबाखू जवळजवळ नाहीच. गाठीच्या मुळाशी होता काजूच्या टरफलांचा धूर, वयाच्या दहा वर्षांआतला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हो मी!" ताई म्हणाल्या. हेमंतराव लहान मुलासारखे रडले.

ताई मात्र केव्हाच वेंगुर्ल्याच्या परसात पोचल्या होत्या. मे महिना. आई फुटक्या घमेल्यात काजूच्या बिया भाजतेय, टरफलातलं तेल भडकतंय, काळा धूर डोळ्यांत जातोय. पहिला गर कुणाला, यावरून त्यांचं आणि सदानंददादाचं भांडण. तोंडं काळीकुट्ट. त्याहून सुखाचं त्यांना आयुष्यात काही मिळालं नव्हतं. आईचा राग यावा, तर तोही येईना.

आणि मग त्या दचकल्या. त्या धुरात दादाही बसायचा.

त्याचंही रक्त तपासायला हवं. त्यांनी लगेच फोन लावला. पडद्यावर दादाचा घामेजलेला, हसरा चेहरा आला.

"शंभर वर्सा आयुष्य हा गो तुका! आताच तुझो विषय निघालो हुतो. नातवंडा इली हत सुट्टीक. ह्या बघ!"

त्याने फोन फिरवला. काळ्या धुरात तीन चिमुकली तोंडं. धाकटी तर घमेल्याला अगदी खेटून बसलेली, गालांना काजळी, हात पुढे पसरलेला.

क्षणभर ताईंना वाटलं, आत्ता तिथे असायला हवं होतं.

"तुका आठवता मा, माधू? आपण पण अशेच बसत होतो."

"आठवता रे दादा. सगळा आठवता," ताई म्हणाल्या. "म्हणान सांगतंय. पोरांक आधी उठव थयसून."