लपवलेला पंप

हसायचं तर खुशाल हसा, पण यातलं काहीच मी पदरचं घातलेलं नाही. पडेगावला आमच्याच फ्लॅटमध्ये घडलंय. गेल्या डिसेंबरात, रविवारी, भर दुपारी.

माझी संस्कृती सात वर्षांची. तिला दमा आहे.

त्या दिवशी दिराच्या लग्नाची बोलणी होती. घरात दमा आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून सासूबाईंनी तिचा पंप कुठंतरी लपवला. त्याचं टोपण केव्हाच हरवलं होतं.

पाहुणे निघाले. पुरुषमंडळी त्यांना सोडायला गेली. एवढ्यात संस्कृती शोधून काढलेला पंप हातात घेऊन खोकतच माझ्याकडं आली. बोलताही येईना.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वाफ दिली. दमाच आहे, उतरेल म्हणाले.

घरी आणून तिला निजवलं. मी आणि सासूबाई उशाशी बसलो.

आणि स्वयंपाकघरातून शिट्टी आली...

श्वासाची शिट्टी. दम्याच्या पोराच्या छातीत वाजते तशी.

पण माझं पोर माझ्यासमोर होतं.

मग झाकण पडल्याचा आवाज...

जाऊन पाहिलं. कुणीच नाही. ओट्यावर शेंगदाण्यांचा डबा उघडा, दाणे सांडलेले. मागून आलेल्या सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"ह्याच्यातच ठेवला व्हता पंप," त्या म्हणाल्या.

खोलीतून संस्कृतीनं कशीबशी हाक मारली. "आई, ती मुलगी इथं बोट दाबतीय." तिचा हात छातीच्या उजव्या बाजूला होता.

मी कान लावला. डावीकडं घरघर.

उजवीकडं... काहीच नाही.

"गोजर," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

गोजर म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. देवगाव रंगारीला नवव्या वर्षी दम्यानं गेली. तिचंही दुखणं लपवलं होतं. तिचं नाव आमच्यात कुणी काढत नाही.

सासूबाई अंगारा शोधू लागल्या. मी पोरीला उचललं आणि रिक्षा पकडली.

मोठ्या दवाखान्यातही तेच. एक्स-रे ठीक आहे, दमाच आहे. मी दारातच उभी राहिले.

"डॉक्टर, दमा माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. हा दमा नाही. तुम्ही दुर्बिणीनं बघेपर्यंत मी हलणार नाही."

उजव्या श्वासनळीतून अर्धा शेंगदाणा निघाला. टोपण नसलेल्या पंपात डब्यातच शिरलेला, पंप ओढताना थेट आत गेला होता.

आता पंप बैठकीत खिळ्याला टांगलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. सोयरीक मोडली. मोडू दे.

फक्त एक आहे. पंपावर उरलेल्या डोसांचा आकडा असतो. दुपारी संस्कृती शाळेत असते, मी आणि सासूबाई कुणी त्याला हात लावत नाही. तरी रोज संध्याकाळी आकडा दोनानं उतरलेला असतो...

सासूबाई म्हणतात, काढून ठेव तो. भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू? दुपारी त्या भिंतीकडं मी पाठ करून बसत नाही.

पण त्यांना सांगून टाकलंय. "या घरात आता कुणाचाच पंप लपवायचा नाही."