नाकाडीची शेवटची खेप

माझ्या गॅरेजच्या भिंतीला लागून एक बाकडं आहे. त्यावर आम्ही पाचजण बसायचो. चार ड्रायव्हर आणि पाचवा मी, मिस्त्री. सगळे निवृत्त. रोज चारच्या चहाला जमायचं आणि ज्या गाड्या आता कुठंच दिसत नाहीत त्यांच्याबद्दल बोलायचं, एवढाच उद्योग. कुणाची गाडी हँडल मारल्याशिवाय सुरू व्हायची नाही आणि त्या हँडलनं कुणाचं मनगट मोडलं. कुणाच्या केबिनला दारंच नव्हती, थंडीत तो पोत्यात पाय घालून चालवायचा. पैलवान म्हणून एकजण होता, तो तोंडानं इंजिनांचे आवाज काढायचा. आम्ही डोळे मिटून गाडी ओळखायची. चुकेल त्यानं कप विसळायचे.

मग एकेकजण कमी होत गेला. शेवटी चार ड्रायव्हरांतला एकटा कप्तान आणि मी, दोघंच उरलो. बाकड्यावर ऐसपैस जागा असूनही आम्ही एका टोकाला खेटून बसायचो, सवयीनं. गेल्या हिवाळ्यात कप्तानही गेला. त्यानंतर मी चार वाजता चहा करायचो खरा, पण आत उभ्यानंच प्यायचो.

अशातच एके दिवशी वहिनी आली. वहिनी म्हणजे कप्तानची बायको.

"भाऊजी, नाकाडीला न्यायला माणसं येतायत," ती म्हणाली.

नाकाडी म्हणजे कप्तानचा ट्रक. इंजिन पुढं, लांबलचक नाकासारखं, म्हणून नाकाडी. तिची केबिन लाकडाची होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं उभी होती. शहरात जुन्या गाड्यांचं संग्रहालय निघालं होतं, ते तिला घेणार होते. क्रेन पाठवतो म्हणाले.

"मग बरंच झालं की."

"दोर लावून ओढत नेलेली मला बघवणार नाही. तिच्या पायांनी जाऊ दे."

"चालवणार कोण? मी गाड्या बऱ्या करणारा, वहिनी. चालवणारे वेगळे."

"चालवणारे आता कुठं राहिलेत, भाऊजी?"

मी हत्यारांची पेटी उचलली.

पंधरा दिवस मी त्या शेडमध्ये होतो. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. टाकी गंजून तिचा तळ चाळणी झाला होता. एकेक करत सगळं मार्गी लावलं. ब्रेकचं काम मात्र मी तीनदा केलं. चारही चाकं खोलायची, ब्रेकचं तेल अडवणारी नवी रबरं बसवायची, पेडलवर दांडकं टेकवून रात्रभर ठेवायचं, सकाळी थेंब गळलाय का बघायचं. गळलेला नसायचा. तरी पुन्हा खोलायचं.

ते का, हेही सांगतो. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी कप्तानबरोबर त्याचा धाकटा भाऊ फिरायचा. सोबत म्हणून. आम्ही त्याला धाकटाच म्हणायचो. तोंडाची टकळी अखंड चालू. त्याला संत्र्यांचं वेड. सालं काढून तो केबिनमध्ये इंजिनाला लागून असलेल्या फळीवर वाळत घालायचा. फळी तापली की केबिनभर तो वास. कप्तान वैतागायचा, पण सालं कधी फेकायचा नाही.

एका खेपेआधी नाकाडी माझ्याकडे ब्रेकला आली. मागच्या चाकातलं एक रबर झिजलं होतं. नवं आणायला बाजारात जावं लागलं असतं आणि मला घरी लवकर पोचायचं होतं. मुलगी सहा महिन्यांची होती, तिला ताप होता. मी जुनंच रबर पुसून बसवलं. एवढ्या खेपेपुरतं चालेल म्हटलं.

घाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. कप्ताननं गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत कशीबशी थांबवली. पण त्याआधीच धाकट्यानं घाबरून दार उघडून उडी टाकली होती. तो वाचला नाही.

कप्ताननं सगळ्यांना एकच सांगितलं. डिझेल वाचवायला मी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, ती आवरली नाही, चूक माझी. त्याचा परवाना वर्षभर गेला. आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आणि मला माहीत होतं की कप्तान उतारावर गाडी कधीच न्यूट्रल करत नाही. जीव गेला तरी नाही. तरी मी तोंड उघडलं नाही. नंतर बाकड्यावर ती गोष्ट निघाली की तो "चूक माझी" एवढंच म्हणायचा, आणि त्याचा चहा निवून जायचा. मी हातातला पान्हा पुसत बसायचो. पुसलेलाच पान्हा.

जायच्या दिवशी सकाळी आठला वहिनीनं ओल्या फडक्यानं नाकाडीचं नाक पुसलं. मी बसलो, गाडी सुरू केली. वहिनी दारात उभी होती. हात हलवला नाही तिनं, नुसती उभी होती.

नव्या रस्त्यावर इतक्या संथ गाडीला सोडत नाहीत, म्हणून मी जुन्या रस्त्यानं निघालो. त्या रस्त्याला आता कुणी जात नाही. दोन्ही बाजूंना बंद पडलेली दुकानं, पत्रे उडालेला एक पेट्रोलपंप. पहिला तासभर गिअर टाकताना मी नुसता कर्रकर्र आवाज करत होतो. या गाड्यांना क्लच दोनदा दाबावा लागतो, मध्ये इंजिनाचा वेग जुळवावा लागतो. ते ड्रायव्हरचं कसब. मला जमत नव्हतं. बाकड्यावरच्या सगळ्यांनी मला फाडून खाल्लं असतं. "ऐक, पैलवान, हा आवाज काढून दाखव," मी मोठ्यानं म्हणालो. आपलाच आवाज रिकाम्या केबिनमध्ये ऐकून कसंतरी झालं.

घाटमाथ्यावर धुकं होतं. अकरा वाजले असतील, पण उजेड नुसता दुधासारखा. दहा पावलांपुढचं दिसेना. मी दिवे लावले, त्यांचा उजेड धुक्यातच विरला. उतार सुरू झाला. खालून ना भोंगा, ना माणसाचा आवाज. फक्त इंजिनाची घरघर आणि लाकडी केबिनचं कुरकुरणं.

पहिल्या वळणाला मी तिसऱ्यातून दुसरा टाकला. आवाजही झाला नाही. लोण्यात सुरी जावी तसा गिअर बसला. मला बरं वाटलं. म्हटलं, हात बसला एकदाचा.

दुसऱ्या वळणालाही तसंच. मी गिअरच्या दांड्याला हात लावायच्या आत दांडा सरकल्यासारखा वाटला... पण उताराला तसं वाटतं, मी म्हटलं.

मग वास आला.

आधी अगदी पुसट. मी नाक वर केलं. डिझेल, गरम तेल, जुनं लाकूड, आणि त्यांच्या आडून येणारा तो तिखटगोड, वाळत आलेल्या सालांचा वास. मी फळीकडे बघितलं. फळी कोरी होती. आठवड्यापूर्वी मीच ती घासून रंगवली होती. हात टेकवला तर गरम लागली. वास वाढत गेला, इतका, की कुणी माझ्या नाकाशी नुकतंच संत्रं सोललंय असं वाटावं.

डावीकडच्या सीटवर फक्त माझी पिशवी होती. मी मान वळवली नाही. पण डोळ्यांच्या कडेला ती पिशवी जेवढी दिसायला हवी त्यापेक्षा मोठी दिसत होती.

"न्यूट्रल कर..."

कुजबुज होती. डावीकडून. कुणाचा आवाज ते मी छातीठोक सांगू शकत नाही. धाकट्याचा म्हणावा तर त्यात त्याची घाई नव्हती. कप्तानचा म्हणावा तर कप्ताननं असं कधी सांगितलंच नसतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"न्यूट्रल कर, मिस्त्री... बघू."

आणि माझ्या हाताखालचा दांडा हळूच मधे आला. मी धरून ठेवायला गेलो, पण दांडा हातापेक्षा जड होता. इंजिनाची पकड सुटली. केबिनमधली घरघर एकदम खाली गेली आणि चाकांचा सरसर आवाज वर आला. नाकाडी सुटली.

मी ब्रेक दाबला. पेडल पोकळ गेलं, पार तळाला. तीनदा खोललेला ब्रेक. पुन्हा दाबला. काही नाही. धुकं काचेवर येऊन आदळायला लागलं. पुढचं वळण कोणतं ते मला माहीत होतं. चाळीस वर्षं मी त्या वळणानं गेलो नव्हतो, बसनं जायची वेळ आली तरी रेल्वेनं जायचो.

तेव्हा मी बोललो. देवाचं नाव नाही आलं तोंडात. म्हणालो, "रबर जुनं होतं... मीच बसवलं होतं. मला घरी जायचं होतं. कप्तान न्यूट्रलमध्ये नव्हता. तो खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला... आणि मी बोलू दिलं."

चाकांचा आवाज लांब गेल्यासारखा झाला.

मग दांडा माझ्या हाताखालून सरकला आणि दुसरा गिअर बसला. हिसका नाही, कर्रकर्र नाही. इंजिन घुमलं, गाडीनं नाक खाली केलं. ब्रेक भरला, टणक झाला. नाकाडी वळणाच्या आतल्या अंगाला, डोंगराशी, येऊन थांबली. एखादा जाणता ड्रायव्हर थांबवेल तशी.

मी खाली उतरलो. गाडीखाली पालथा पडून चारही चाकं चाचपली. थेंब नव्हता गळलेला. वळसा घालून पलीकडे गेलो तर डावं दार उघडं होतं. सताड नाही, माणूस सावकाश उतरून पुढं गेला तर राहतं तेवढंच. संत्र्यांचा वास गेला होता.

बाकीच्या वाटेवर गाडी मी चालवली. काही झालं नाही. संध्याकाळी नव्या रस्त्याच्या बसनं परत आलो आणि थेट वहिनीकडे गेलो. रबराचं सांगितलं, न्यूट्रलचं सांगितलं, घाटातलंही सांगितलं. मी खाली मान घालून बसलो. म्हटलं, आता ही मला घराबाहेर काढेल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं ह्यांनी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? बोलायचं तुम्ही होतं." तिनं दिव्याची वात थोडी वर केली. वीज गेलेली होती. "गुडघे धरून चालायचे ते, भाऊजी. शेवटी तर धापही लागायची. तरी रोज चार वाजता तुमच्याकडे कशाला यायचे, असं वाटायचं तुम्हाला? गाड्यांच्या गप्पांसाठी?"

मी मान वर केली.

"मला म्हणायचे, आज बोलेल मिस्त्री. परत आले की मी विचारायची. नुसती मान हलवायचे."

त्या रात्री घरी येऊन मी दार लावलं आणि भिंतीला टेकून बसलो. इतका एकटा मी बायको गेली तेव्हाही नव्हतो.

पण एक गोष्ट मी वहिनीला सांगितली नाही. संग्रहालयात झालेली. ती तुम्हाला सांगतो, कारण ती मनातून जात नाही.

भर दुपार होती. ऊन पडलं होतं. आवारात माणसं होती. मी नाकाडी आत नेऊन लावली, इंजिन बंद केलं, कागदावर सही केली. तेवढ्यात तिथला कारकून म्हणाला, "मिस्त्री, जरा दोन हात पुढं घेता? मागचं दार उघडत नाहीये."

मी पुन्हा वर चढलो. बसलो. क्लचवर पाय ठेवायला गेलो आणि पाय पोचला नाही.

मला वाटलं, नीट बसलो नाही. पुढं सरकलो. तरी वीतभर अंतर राहिलं. कप्तान ताडमाड माणूस होता आणि मी हा असा बुटका. त्याच्यासाठी ती सीट मीच मागं घेऊन पट्टीला वेल्ड केली होती, जवानीत. वाकून बघितलं. वेल्ड तसाच होता, त्यावर गंज, गंजावर जुना रंग. ती सीट हललेली नव्हती. हलणारच नव्हती. आणि सकाळी आठला निघताना, घाटात, त्या वळणावर, सगळी पेडलं माझ्या पायाखाली होती. ब्रेक पोकळ गेला तो माझ्या तळव्याला कळला होता.

"काय झालं?" कारकुनानं खालून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. माझा हात आपसूक गिअरच्या दांड्यावर गेला होता. दांडा ओढला, तर पहिला गिअर अलगद बसला.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते. क्लचचं पेडल तळाला टेकलेलं होतं.

त्या पेडलची स्प्रिंग मी नवी टाकली होती. पाय सुटला की ते फटकन वर उडतं. मी दांड्यावरचा हात काढून घेतला आणि बघत राहिलो.

पेडल सावकाश वर आलं.